स्तन काढण्याआधीच विचारायचं ते: स्तन पुनर्रचनेची वाट, खान्देशातून

माझा डावा स्तन काढला तेव्हा मी ४३ वर्षांची होते. ज्या दवाखान्यात काढला, तिथे गाठ केवढी, काखेत आजार कुठवर गेलाय, केमो किती, सगळं नीट सांगितलं. स्तन पुन्हा तयार करता येतो हे मात्र कोणी बोललं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. पाचव्या केमोला शेजारच्या खाटेवर शिरपूरकडच्या एक ताई होत्या. सलाईन संपायची वाट बघता बघता त्या म्हणाल्या, "माझा पोटाच्या चरबीचा करून दिलाय." मला आधी थट्टाच वाटली.

घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "आते या वयमा तुले काय करनं शे?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. जीव वाचला की पुढचं काही मागायचं नाही, अशीच त्यांची पिढी. पण झाडू मारायला वाकलं की ब्लाउजमध्ये खोचलेली कापसाची घडी गळ्याशी यायची. बसमध्ये उभं राहिलं की हात सतत पदरावर. एका बाजूचं वजन गेल्यामुळे मान आणि खांदा दुखायचा तो वेगळाच. हा सगळा हौसेचा मामला नाही, एवढं मला तेव्हाच कळलं. प्रत्येकीने करायलाच हवा असाही नाही, त्याबद्दल पुढे बोलते.

अमळनेरहून मुंबईच्या फेऱ्या मारताना एकेक गोष्ट उशिराच कळत गेली. इथे ती ज्या क्रमाने कळायला हवी होती, त्या क्रमाने लिहिते आहे.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

पहिला प्रश्न: पूर्ण स्तन काढावाच लागेल का? गाठ लहान असेल तर फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन देतात. अमेरिका आणि इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. स्तन वाचवलेल्या आणि काढलेल्या बायकांच्या आयुर्मानात त्यांना फरक दिसला नाही. आपल्याकडे "सगळंच काढून टाका म्हणजे कटकट नको" असं घरातलेच म्हणतात. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

दुसरा प्रश्न, आणि सगळी गणितं इथेच अडतात: मला नंतर रेडिएशन लागेल का? लोक त्याला शेक म्हणतात, लाइट म्हणतात. शेकाने कातडी आकसते, कडक होते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो. कातडीखाली स्तनाच्या आकारासाठी बसवलेलं सिलिकॉन असेल तर त्याभोवती शरीर जे आवरण तयार करतं तेही घट्ट आवळतं, स्तन दगडासारखा लागतो, दुखतो. म्हणून शेक नक्की लागणार असेल तर बरेच सर्जन पुनर्रचना पुढे ढकलतात किंवा तात्पुरतं काहीतरी ठेवून नंतर पक्कं काम करतात. शेक लागणार नसेल तर स्तन काढतानाच, त्याच भुलीत नवा बसवता येतो. यात स्तनावरची कातडी जागची राहते, म्हणून आकार जास्त चांगला येतो आणि छाती सपाट झालेली बघायची वेळ येत नाही. तोटा एवढाच की ऑपरेशन मोठं होतं, आणि जखम चिघळली तर केमो लांबू शकते.

तिसरा प्रश्न: तुमच्याकडे प्लास्टिक सर्जन आहेत का, आणि ते कोणत्या पद्धती करतात? ज्याला एकच पद्धत येते तो तुम्हाला तीच सांगेल. यात लबाडी असतेच असं नाही, पण तुमच्यासाठी योग्य काय ते अशाने कळत नाही. कॅन्सरचे सर्जन आणि प्लास्टिक सर्जन, दोघांनी एकदा तरी एकत्र तपासलेलं बरं.

आणि ज्यांचा स्तन आधीच काढला आहे, माझ्यासारख्या, त्यांच्यासाठी दार बंद झालेलं नाही. पाच, दहा वर्षांनीही करता येतं. शेक झाला असेल तर साधारण सहा महिने ते वर्ष थांबायला सांगतात. केमो संपल्यावरही काही आठवडे जाऊ देतात.

एक भीती बहुतेकींना असते: नव्या स्तनाखाली कॅन्सर लपून बसेल का? पुनर्रचनेमुळे आजार परत यायची शक्यता वाढत नाही आणि तो ओळखायलाही अडचण येत नाही. तपासण्या चालूच राहतात.

चार वाटा

पहिली वाट म्हणजे काहीच न करणं. हा पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो. माझी एक नणंद सपाट छातीने गेली सहा वर्षं मजेत शाळेत शिकवते आहे. आकार हवा पण ऑपरेशन नको असेल तर खास ब्रामध्ये घालायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो. तो वजनाने खऱ्यासारखा असतो, पण आपल्या उन्हाळ्यात त्याखाली घाम साठतो. सुती दोऱ्याने विणलेलेही मिळतात. ते हलके, धुता येणारे, मे महिन्यात जास्त सोसवणारे.

दुसरी वाट इम्प्लांटची, म्हणजे कातडीखाली सिलिकॉनचा स्तन बसवायची. बहुधा आधी एक्सपांडर म्हणजे रिकामी पिशवी कातडीखाली किंवा स्नायूखाली ठेवतात. दर एक-दोन आठवड्यांनी सुईने तिच्यात सलाईन भरतात, कातडी हळूहळू ताणली जाते. काही महिन्यांनी ती पिशवी काढून पक्कं सिलिकॉन बसवतात. ऑपरेशन छोटं, शरीरावर दुसरीकडे जखम नाही. पण खान्देशातल्या बाईने इथे हिशेब करावा: भरण्याच्या त्या फेऱ्या कुठे? मुंबई-पुण्यात असतील तर एवढ्या वेळा जाणं झेपेल का? इम्प्लांट जन्माला पुरत नाही, पुढे कधीतरी बदलावं लागण्याची तयारी ठेवायची. आतल्या आत फाटलं तरी बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून अमेरिकेतली औषध-उपकरणांची नियामक संस्था एफडीए सिलिकॉन इम्प्लांट बसवल्यानंतर पाच-सहा वर्षांनी पहिला एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी करायला सांगते. खडबडीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटमुळे भोवती एक दुर्मीळ लिम्फोमा (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा कॅन्सर) होतो हे कळल्यावर २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीची तशी इम्प्लांटं जगभरातून परत मागवली गेली. त्यामुळे "गुळगुळीत आहे की खडबडीत?" हे विचारायचं, आणि कंपनी, आकार, बॅच नंबर लिहिलेलं कार्ड मागून घेऊन फाइलीत ठेवायचं.

तिसरी वाट पाठीची. पाठीवरचा रुंद स्नायू, त्यावरची चरबी आणि कातडी, हे सगळं रक्तवाहिनी न तोडता काखेखालून पुढे फिरवून आणतात. सूक्ष्मदर्शकाखालचं काम लागत नाही, त्यामुळे हे ऑपरेशन तुलनेने जास्त ठिकाणी होतं. शेक झालेल्या छातीलाही चालतं. आकार कमी पडला तर खाली छोटं इम्प्लांट घालतात. पाठीत पाणी साठतं, ते काही वेळा सुईने काढावं लागतं. पण हा स्नायू म्हणजे वरून खाली ओढायचं बळ. विहिरीचा दोर ओढणं, लाकडं फोडणं, केळीचा घड उतरवणं, या सगळ्यात तो कामाला येतो. शिक्षिकेला किंवा दुकान चालवणाऱ्या बाईला तो गेल्याचं फारसं जाणवणार नाही. यावल-रावेरकडे केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या बाईला जाणवू शकतं. सर्जन विचारतात, "काम काय करता?" तेव्हा "घरकाम" असं म्हणून गप्प बसू नका. काय उचलता, काय ओढता, ते सांगा.

चौथी वाट पोटाची, मी हिनेच गेले. बेंबीखालची कातडी आणि चरबी काढून तिचा स्तन करतात. १९८२ पासून प्रचलित झालेल्या जुन्या पद्धतीत पोटाचा स्नायूही बरोबर जायचा, त्यामुळे नंतर पोट फुगण्याचा, हर्नियाचा त्रास जास्त. नंतरच्या पद्धतीत, जिला डॉक्टर डीप फ्लॅप म्हणतात, स्नायू जागेवरच ठेवून त्यातून वर आलेल्या बारीक रक्तवाहिन्या सोडवून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. दोन-तीन मिलिमीटरची नळी केसापेक्षा बारीक दोऱ्याने शिवायची. सहा-आठ तास सहज लागतात. अनुभवी ठिकाणीही शंभरात एक ते पाच जणींचा फ्लॅप, म्हणजे पोटावरून छातीवर नेलेला तो भाग, रक्तपुरवठा बंद पडून जातो, हे आधीच समजून घ्यावं. जमलं तर मात्र तो स्तन तुमच्याच शरीराचा असतो. वजन वाढलं की तोही वाढतो. बदलायची भानगड नाही.

पोटावर आधी काय काय झालंय ते सगळं सांगायचं. सिझेरियन, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, पित्ताशय, अपेंडिक्स. सिझेरियनच्या आडव्या टाक्यामुळे सहसा अडत नाही, पण पोटावरची जादा कातडी-चरबी कापून काढायचं ऑपरेशन (टमी टक) झालं असेल तर ही वाट बंद. म्हणूनच आधी पोटाचा सीटी अँजिओ करतात. त्यात कुठली रक्तवाहिनी कुठून वर येते त्याचा नकाशाच मिळतो.

मशेरी सोडा, आणि खरं सांगा

डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट?" मी हसले. त्यांनी पुढे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी रोज सकाळी मशेरी लावत होते. ते माझ्या डोक्यात तंबाखूत बसतच नव्हतं, ते दात घासणं होतं! भुलीच्या डॉक्टरांनी दातांकडे बघून विचारलं तेव्हा तारीख पाच आठवडे पुढे गेली. मशेरी, तंबाखू-चुना, गुटखा, सगळ्यांत निकोटिन आहे आणि निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. त्या दोन-तीन मिलिमीटरच्या जोडाला ते परवडत नाही. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधीपासून बंद, नंतरही बंद. पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, शौचाला होत नाही, चिडचिड होते. मी ओवा-बडीशेप चघळत ते दिवस काढले.

साखर ताब्यात हवी, हिमोग्लोबिन चांगलं हवं. कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात त्या टॅमोक्सिफेनच्या गोळीने रक्ताच्या गुठळ्या व्हायची शक्यता वाढते, त्यामुळे फ्लॅपच्या आधी दोन-चार आठवडे ती थांबवतात. पण ते डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढेच दिवस. रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि आयुर्वेदिक काढे, दोन्हींची यादी लिहून न्या.

फाइल आणि पैसे

फाइलीत हे असायलाच हवं: बायप्सीचा रिपोर्ट, ईआर-पीआर-हर टूचा रिपोर्ट (गाठीवर कोणती औषधं चालतील ते सांगणारा), स्तन काढल्याची ऑपरेशन नोट, काढलेल्या भागाचा तपासणी रिपोर्ट, केमो आणि रेडिएशनचा सारांश. ऑपरेशन नोट सहसा न मागता देत नाहीत. ती मागून घ्या. माझी मिळवायला तीन चकरा झाल्या. सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढा आणि फोनमध्ये फोटो ठेवा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यालाच नेमकं विचारायचं: स्तन काढणं बसतं का, पुनर्रचना बसते का, कोणती पद्धत, आणि या रुग्णालयात ती होते का. या चार प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, नंतर धावपळ करून उपयोग नाही.

खासगी विमा असेल तर माझा अनुभव ऐका. कंपनीने पहिल्या फटक्यात लिहून पाठवलं की प्लास्टिक सर्जरी पॉलिसीत बसत नाही. मी पॉलिसीचं पुस्तक उघडलं. विमा नियामकाने सगळ्या आरोग्य पॉलिसींसाठी ठरवून दिलेल्या अपवादांत ०८ क्रमांकाचा अपवाद आहे. त्यात सौंदर्यासाठीची आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे खरी, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना सोडून. म्हणजे कॅन्सरनंतरची पुनर्रचना या कारणाने नाकारता येत नाही. तेच वाक्य अधोरेखित करून, सर्जनच्या पत्रात "कॅन्सरसाठी स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना" असे स्पष्ट शब्द लिहून घेऊन परत पाठवलं. पैसे आले. खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे काही कापलेही गेले.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाने सही-शिक्क्यासह दिलेला छापील नमुना तिकीट खिडकीवर दाखवायचा. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे आणि पुनर्रचनेचं कामही तिथे होतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन यांचा आपल्याकडच्या कित्येक घरांना आधार झालाय. जागेसाठी रुग्णालयाचं पत्र घेऊन आधीच चौकशी करा. नंदुरबारकडच्यांना सुरत जवळ पडतं, पण महाराष्ट्राच्या योजनेचं तिथे काय ते आधी विचारून घ्या.

तारीख निवडता येत असेल तर एप्रिल-मे टाळा. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा पोटाला घट्ट पट्टा बांधून दीड महिना बसायचं म्हणजे घामोळं, आणि टाक्याजवळचं घामोळं चिघळतं. मी दिवाळीनंतरचं घेतलं. भरताच्या पार्ट्या हुकल्या, तेवढंच.

ऑपरेशन आणि त्यानंतरचे तीन दिवस

सकाळी सर्जनने मला उभं करून मार्करने छातीवर, पोटावर रेघा मारल्या. उभं राहूनच, कारण आडवं झाल्यावर सगळं सरकतं. साडी नेसते का, ब्लाउजचा गळा केवढा, हेही त्यांनी विचारलं. ब्लाउज बरोबर नेलेला कामी आला. टाका कुठे लपेल ते त्यावरून ठरलं.

जाग आली ती रात्री. खोली उबदार ठेवलेली, गुडघ्याखाली उशा, पायाला फुगणारे-ओसरणारे पट्टे. दर तासाला नर्स यायची. फ्लॅपवर बोट दाबून सोडायची, पांढरा झालेला ठिपका किती वेळात गुलाबी होतो ते बघायची, मग पेनासारखं यंत्र टेकवायची. त्यातून व्हुश-व्हुश आवाज यायचा. माझ्या पोटातली रक्तवाहिनी माझ्या छातीत वाजत होती. रात्री तीनला एकदा तो आवाज लगेच सापडला नाही. तिने यंत्र बोटभर सरकवलं, मग सापडला. तेवढ्या अर्ध्या मिनिटात मला घाम फुटला. फ्लॅप निळा-काळा किंवा एकदम फिकट पडला, थंड लागला, तर पुन्हा थिएटरमध्ये नेऊन जोड तपासतात. पहिले दोन दिवस धोका जास्त, आणि हातात वेळ तासांचाच असतो. म्हणूनच घाईने डिस्चार्ज मागू नये.

दुसऱ्या दिवशी वाकून चालवलं. पोटाची कातडी ओढलेली असते, सरळ होता येत नाही. आठवडा-दोन आठवडे वाकूनच राहायचं. पाचव्या ते सातव्या दिवशी सोडतात.

घरी

बरोबर ड्रेनच्या, म्हणजे जखमेत साठणारं पाणी बाहेर काढायच्या, नळ्या आणि बाटल्या येतात. परकराची नाडी पोटाच्या टाक्यावर येते, म्हणून परकर नकोच, पुढून उघडणारे सैल गाऊन शिवून घ्या आणि त्यांना आतून दोन खिसे लावून घ्या. बाटल्या खिशात बसतात. रोज ठरलेल्या वेळी किती मिली आलं ते वहीत लिहायचं. दिवसाला २०-३० मिलीच्या खाली आलं की ड्रेन काढतात. ते आपल्या गावच्या सर्जनकडे काढता येतात, पण त्यांना मुंबईच्या डॉक्टरांचा फोन आधी करून द्या. अनोळखी ऑपरेशनला हात लावायला कोणीही बिचकतं.

सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर उचलायचं नाही. भरलेली कळशी दहा किलोच्या वर जाते, गव्हाची गोणी सोडाच. स्कूटी चार-सहा आठवडे बंद. हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितलेत तेवढेच, पण रोज. नाहीतर खांदा धरतो. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज यायची शक्यता कायमची राहते. त्या हातावर कापणं, भाजणं, काटा लागणं सांभाळा. कापूस वेचताना पूर्ण बाहीचा शर्ट घाला.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, टाक्याभोवती लाली, पू, ड्रेनमध्ये अचानक लाल रक्त, तर लगेच फोन. पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली तर फोनही नंतर, आधी जवळचं मोठं रुग्णालय. डिस्चार्जच्या वेळी वॉर्डचा आणि निवासी डॉक्टरांचा नंबर लिहून घ्या. जखमेचा फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका, दिवसाउजेडी खिडकीजवळ काढा, रंग नीट कळतो.

नंतरचं

तीन-सहा महिन्यांनी उरलेली कामं. स्तनाग्र तिथल्याच कातडीचं करतात, भोवतीचा रंग टॅटूने येतो, तो पुढे फिका पडतो. खळगा असेल तर मांडीची चरबी भरतात, दुसरा स्तन उचलून सारखा करतात. मी फक्त चरबी भरून घेतली. फ्लॅपमध्ये कधी कडक गोळा लागतो. तो बहुतेक वेळा रक्त न मिळालेल्या चरबीचा असतो, पण आपण ठरवायचं नाही, दाखवायचं. दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षाला एकदा.

आणि नव्या स्तनाला, पोटाच्या टाक्याजवळच्या कातडीला संवेदना नसते. थोडी परत येते, पुरती येईलच असं नाही. सगळ्यांनी सांगूनही हे मला श्रावणातल्या कानबाईच्या सणाला, रोटांच्या वेळी कळलं. खापरासमोर, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यासमोर, बसून मांडे (मोठ्या पुरणपोळ्या) टाकत होते, चूल डावीकडे. रात्री ब्लाउज काढला तेव्हा स्तनावर रुपयाएवढा फोड. कधी भाजलं पत्ताच नाही. तो भरायला महिना गेला. गरम पाण्याची पिशवी, वाफ, इस्त्री, उन्हात तापलेलं मंगळसूत्र, सगळ्यांचं तेच. आता खापरासमोर बसले की डावा पदर दुहेरी घेते, चूल उजवीकडे मांडते, आणि दर दोन मांड्यांमागे उजव्या हाताने चाचपून बघते, तापलंय का.